कुलूपबंद स्वरांची सुटका



या स्मृतिव्याख्यानासाठी मी संगीत हा विषय घेतला, तेव्हा रागदारीवर चार शब्द ऐकावयास मिळतील अशी अनेकांची कल्पना झाली असणार. त्यांची प्रथम क्षमा मागतो. आज मला बोलावयाचे आहे ते जर्मनीतील ड्रेस्डेन नगरीच्या दरबारात तीन दशकांहून अधिक काळ चाकरी केलेल्या यान दिस्मास झेलेन्का या संगीतकाराविषयी, आणि त्याचे धार्मिक वृंदगान ध्वनिमुद्रणांमुळे पुन्हा कसे कानी आले, याविषयी.

झेलेन्का बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला. जन्म १६७९ चा. बाखपेक्षा सहा वर्षांनी वडील. ड्रेस्डेनच्या राजवाद्यवृंदात तो व्हायोलोन हे खर्जाचे तंतुवाद्य वाजवी. पुढे व्हिएन्नाला जाऊन त्याने योहान योसेफ फुक्स या पंडिताकडे अनेक स्वतंत्र सुरावटी एकमेकींत गुंफण्याची विद्या पक्की केली. दरबाराचा संगीतप्रमुख हाइनिखेन आजारी असे. त्याच्या आजारपणात आणि १७२९ मधील मृत्यूनंतरही चर्चच्या संगीताचा भार झेलेन्काने वाहिला. प्रमुखपद मात्र इटालियन ऑपेरात नाव मिळवलेल्या हासेला मिळाले. १७३३ मध्ये झेलेन्काने अर्ज केला. पुढे हाती आली ती ‘चर्च-संगीतकार’ ही पदवी. त्याच वर्षी बाखनेही याच दरबाराकडे आपल्या एका रचनेचे दोन भाग धाडून पदवी मागितली होती. दरबाराच्या दाराशी गुणवंतांनी तिष्ठत राहावे, ही गोष्ट काही एकाच देशाची नव्हे.

आयुष्याच्या अखेरच्या काळात झेलेन्काने ‘अंतिम मिस्सा’ या नावाने एक माला योजिली. मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासनेच्या लॅटिन पाठाची संगीतरचना. हस्तलिखितांवर पहिली, दुसरी आणि सहावी असे क्रमांक आहेत. तिसरी, चौथी व पाचवी मिळालेल्या नाहीत. दुसरीत किरिये आणि ग्लोरिया हे दोनच भाग आहेत. यांतील एकही त्याच्या हयातीत गायिली गेल्याचा पुरावा नाही. ऐकणारा कोणी नाही हे उमगूनही माणूस पानामागून पान लिहितो; या गोष्टीने मी आजही अस्वस्थ होतो.

१७४५ च्या डिसेंबरात झेलेन्का निवर्तला. त्याची हस्तलिखिते दरबाराच्या ताब्यात राहिली आणि जपली गेली, परंतु कुलपात! पवित्र सप्ताहासाठी १७२३ च्या सुमारास रचलेली त्याची सत्तावीस ‘रिस्पॉन्सोरिया’ छापावीत अशी टेलेमानची इच्छा होती. ड्रेस्डेनचा दरबार त्या दुर्मिळ वस्तू बंद करून ठेवतो, अशी नोंद त्याने १७५६ मध्ये केली. आपल्याकडे घराण्याच्या बंदिशी शिष्यांपासूनही लपवणारे उस्ताद होऊन गेले. त्याच्या उलट दिशेने, याच आपल्या बडोद्यात १९१६ साली पं. भातखंडे यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, आणि घरोघरच्या बंदिशी मिळवून छापील ग्रंथांत आणल्या. जपणूक आणि दडपणूक यांतला फरक आपल्या शहराला कोणी शिकवावयास नको.

बाखला मात्र झेलेन्काची थोरवी ठाऊक होती. आपले वडील ज्यांना मानीत त्यांच्या यादीत पुत्र कार्ल फिलिप एमानुएल याने झेलेन्काचे नाव घातले आहे. दुसरा पुत्र विल्हेल्म फ्रीडेमान याने त्याच्या एका मॅग्निफिकातची नक्कल करून घेतली होती. तरीही सामान्य श्रोत्याला हे नाव कळावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ओबोवादक हाइन्झ होलिगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच्या सहा त्रयी-सोनाटांची तबकडी काढली, आणि वाद्यसंगीताच्या दारातून रसिक आत शिरले. १९८५ मध्ये वोल्फगांग राइख यांनी सूची सिद्ध केली. मग फ्रीडर बेर्नियस यांनी वृंदगान मुद्रित केले. पुढे प्रागमध्ये वाक्लाव लुक्स यांचा ‘कोलेजियम १७०४’ आणि आदाम विक्तोरा यांचा ‘आन्सांब्ल इनेगाल’ या वृंदांनी एकामागून एक रचना उजेडात आणल्या. १७०४ हा आकडा झेलेन्काच्या प्रागमधील एका प्रारंभीच्या शालेय नाट्यसंगीताचे साल आहे. शाळेच्या व्यासपीठावरून हे सांगताना मला विशेष आनंद होतो.

ही कामगिरी केवळ यंत्राची नाही. हस्तलिखितातले स्वर वाचून काढावे लागतात, प्रत्येक गायक-वादकाच्या प्रती तयार कराव्या लागतात. एका स्वरपंक्तीला किती गळे? मूळ स्त्रीस्वराच्या जागी मुले व खच्ची पुरुष गात, आज कोण? षड्ज कोणत्या उंचीवर? लॅटिनचा उच्चार जर्मन ढंगाने की इटालियन? प्रत्येक मुद्रण हा या प्रश्नांवरचा एक निकाल असतो. म्हणून एकाच रचनेची दोन-तीन मुद्रणे असणे ही उधळपट्टी आहे, असे मला वाटत नाही. पहिले मुद्रणच मूळ मानले जाण्याचा धोका तेवढ्याने टळतो.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मानतो. हे संगीत श्रवणासाठी नव्हे, उपासनेसाठी होते. १७३९ ची ‘मिस्सा व्होतिव्हा’ झेलेन्काने आजारातून उठल्यावर नवस फेडण्यासाठी लिहिली. तो नवस दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून कसा ऐकावा? माझ्यापुरते उत्तर इतकेच, की अभंग देवळाबाहेर मैफलीत आला तेव्हा त्याचा विठ्ठल हरवला नाही. परंतु प्रत्येक मैफलीत तो होता, असेही म्हणवत नाही.

आता त्याच मिस्साचा आरंभ ऐकवतो. गायकांपेक्षा आधी खालच्या तंतुवाद्यांकडे कान द्यावा. तिथे खर्ज नुसता आधार देत थांबत नाही, सारखा धावतो. रचणारा स्वतः त्या जागी उभा राहून वाजवीत असे.