कधीची रे? कुठली?

(टिळकवाडीतल्या युवा बैठकीत केलेलं भाषण)



व्हॅक्सिन डेपोचं मैदान इथून जवळच, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. 13 डिसेंबर 2021, महामेळाव्याचा दिवस. समितीचे ज्येष्ठ नेते दीपक दळवी यांच्यावर तिथंच शाई फेकली गेली. दुपारपर्यंत तो व्हिडिओ माझ्या फोनवर सात वेळा आला. त्याच आठवड्यात बंगळूरच्या सदाशिवनगरातल्या शिवपुतळ्यावर शाई ओतल्याची क्लिप आली आणि पोरं रस्त्यावर उतरली. मग अनगोळात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि मराठी पोरांची धरपकड सुरू झाली. (रायण्णांना इंग्रजांनी 1831 मध्ये आपल्याच खानापूर तालुक्यात, नंदगडला फाशी दिलं. त्यांच्या पुतळ्याला हात लावणारा कुणीही असो, तो आपला नव्हे.)

त्या रात्री मीही एक लाठीमाराची क्लिप पुढं ढकलली. वर लिहिलं, 'आत्ताच, आपल्याकडं!' पाच मिनिटांत गल्लीतल्या काकांचा फोन. "काय करूलालास रे? कधीची ही? कुठली?" मला सांगताच येईना. शोधलं तर ती क्लिप ना बेळगावची, ना त्या वर्षाची. मी पुसली, पण तोवर ती माझ्या हातात राहिली नव्हती.

काकांची बहीण येळ्ळूरला दिलेली आहे. म्हणून ते चिडले होते, हे मला नंतर उमगलं.

येळ्ळूर आठवतंय ना? 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक 25 जुलै 2014 ला हटवला. गावानं तो पुन्हा उभारला. 27 तारखेला तो पुन्हा पाडला आणि गावात लाठी चालली. दगडफेक झाली म्हणून मारलं, असं पोलिसांचं म्हणणं. पण घरात शिरून मारतानाची दृश्यं मराठी वाहिन्यांवर दिसली आणि साऱ्या महाराष्ट्राला येळ्ळूर कुठं आहे ते कळलं. गावकऱ्यांवरचे खटले पुढं कितीतरी वर्षं चालले. अशा वेळी खरी क्लिप ही साक्षीदार असते, आणि माझ्यासारख्याची एक खोटी क्लिप त्या साक्षीदारालाच खोटं पाडते. "ह्यांचे सगळेच व्हिडिओ असले," म्हणायला समोरच्याला तेवढं पुरतं.

नेपाळचं बघा. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारनं 26 ॲप बंद केली. भ्रष्टाचारावरचा राग आधीच साठला होता. 8 तारखेला तरुण रस्त्यावर आले, गोळीबारात पोरं मेली आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. फोनची ताकद अशी. पण त्याच दिवशी माजी पंतप्रधान झलनाथ खनाल यांच्या पत्नी जळून मेल्याची बातमी जगभर फिरली. बाई गंभीर भाजल्या होत्या, पण जिवंत होत्या.

17 जानेवारीला आपण 1956 च्या हुतात्म्यांची नावं घेतो, निपाणीच्या कमळाबाई मोहितेंचंही. तेव्हा कुणाच्या हातात कॅमेरा नव्हता. आपल्या हातात आहे. आणि आपण काय करतो, तर क्लिप कापतो, वर गाणं लावतो, तारीख उडवतो.

तर एकच काम सांगतो. येळ्ळूरच्या वेळचा जुना फोन ज्यांच्या कपाटात पडलाय, त्यांनी तो रविवारी घेऊन या. मूळ व्हिडिओ जसाच्या तसा काढून ठेवू, आणि सोबत वहीत लिहू: तारीख, गल्ली, कुणी काढला. काढणाऱ्याचं नाव वहीतच राहील, ग्रुपवर टाकायचं नाही. बॅटरी गेली असली तरी आणा. जुने चार्जर मी गोळा करून ठेवलेत.