कच्चेपणीचा ओरखडा

(हितचिंतकांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



गाडीचा स्पार्क प्लग आपण पाहिला असेल. त्याचा पांढरा भाग चिनी मातीचा वाटतो, पण तो असतो अ‍ॅल्युमिनाचा. अशा भागांना आकार देण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून त्याविषयीच चार शब्द बोलतो.

अ‍ॅल्युमिनाच्या पावडरीत डिंकासारखा पदार्थ मिसळून ती रबरी साच्यात सर्व बाजूंनी दाबतात. निघालेला भाग खडूसारखा असतो. नखानेही ओरखडा उठतो. या कच्च्या अवस्थेतच त्याला घासून, कातून आकार देतात. मग सुमारे १६०० अंश सेल्सिअसला भाजतात. तेव्हा १०० मिलिमीटरचा भाग आकसून ८०-८५ चा होतो, आणि इतका कठीण, की पुढे हिऱ्याचे चाकच लागते.

मऊ म्हणून काम सोपे, असे मात्र नाही. भाग मऊ असला तरी पावडरीचा एकेक कण कठीणच. हत्याराची धार लवकर जाते. बोथट हत्यार कापत नाही, कण उपटून काढते. पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, कडांचे टवके उडतात. भट्टी हे दोष बुजवत नाही. भागाबरोबर तेही आकसतात, पण राहतात. सिरॅमिक धातूसारखे वाकत नाही; ताण आला की अशाच खड्ड्यापासून तडकते.

एकदा माझ्या पाळीतले बरेच नळे भाजल्यावर तडकलेले निघाले. भट्टीवरच्या तरुण मदतनिसाला मी सर्वांसमोर बोललो. तो गप्प राहिला. नंतर नळ्यांना शाई लावून पुसली, भिंगातून पाहिले. भेगा माझ्याच हत्याराच्या रेघांपासून निघाल्या होत्या. पाळी संपत आली म्हणून धार गेलेले हत्यार मी तसेच चालवले होते. दुसऱ्या दिवशी सर्वांसमोरच त्याची क्षमा मागितली.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळल्या. हत्यार वेळेवर बदलायचे. शेवटचा काप अगदी हलका घ्यायचा. भट्टीत जाण्याआधी प्रत्येक भाग तिरप्या उजेडात फिरवून पाहायचा. कारण कच्चा भाग बिघडला तर मोडून त्याची पुन्हा पावडर करता येते. भाजल्यावर ती सोय राहत नाही.

आपली मुले उद्या कारखान्यात जातील. त्यांना यंत्र चालवायला शिकवाच. पण काम बिघडले, तर दुसऱ्याला बोलण्याआधी आपल्या हत्याराची धार पाहा, एवढेही सांगा.