पहिली गाडी आणि तिऱ्हाईत माणूस



'विमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'बीम' म्हणजे भीती, धोका. 'हप्ता'ही तिकडचाच. तिथे तो सात दिवसांचा आठवडा, आपल्याकडे मात्र ठरल्या वेळी भरायची रक्कम. कवितेच्या नादात शब्दकोश चाळणाऱ्याला असे शब्द भेटत राहतात. पण मोटारीच्या विम्यातला माझा आवडता शब्द आहे 'तिऱ्हाईत'. विमा काढणारा पहिला, कंपनी दुसरी आणि रस्त्याच्या कडेने चाललेला, आपली ओळखदेख नसलेला माणूस तिसरा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे या तिऱ्हाइतासाठी विमा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

आज घराघरांतून अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींच्या हाती परवाना पडतो. पाठोपाठ प्रश्न येतो, विमा स्वस्तात कसा बसेल? प्रश्न रास्त आहे. पहिला पगार, पेट्रोलचे भाव आणि त्यात हा खर्च!

एक गैरसमज आधी दूर करू. चालक तरुण म्हणून विमा महाग, ही ब्रिटनसारख्या देशांतली गोष्ट. तिथे चालकाचं वय पाहून रक्कम ठरते. आपल्याकडे हिशेब मुख्यतः गाडीचा होतो. इंजिन केवढं, गाडी किती जुनी, तिची आजची किंमत काय, नोंदणी कुठली, हे पाहिलं जातं. त्यातही तिऱ्हाइताच्या विम्याचा दर सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात 1000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 7,897 रुपये होते. कर वेगळा. कंपनी कोणतीही असो, हा दर तोच. तेव्हा बचतीची पहिली संधी विमा काढताना नव्हे, गाडी निवडताना मिळते. नवशिक्याने छोट्या इंजिनाची गाडी घ्यावी, हे वडीलधाऱ्यांचं म्हणणं इथे रुपयांत दिसतं.

सर्वांत स्वस्त मार्ग अर्थात घरचीच गाडी चालवण्याचा. वडिलांच्या नावावरची गाडी मुलाने त्यांच्या संमतीने चालवली, त्याच्याकडे वैध परवाना असला, तर वडिलांचीच पॉलिसी चालते. पण मालक-चालकासाठी जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालकाचा. मुलगा त्यात येत नाही. स्वतःच्या चुकीने अपघात झाला तर तो तिऱ्हाईतही ठरत नाही. म्हणून मुलाच्या नावाने वैयक्तिक अपघाताची वेगळी पॉलिसी घ्यावी. गाडीच्या विम्याच्या मानाने तिचा खर्च थोडा असतो.

माझी भाची रत्नागिरीकडे एका दवाखान्यात काम करते. परवाना मिळाल्यावर तिने शेजारच्या गुरुजींची नऊ वर्षं जुनी छोटी गाडी घेतली. "मामू, नुसता थर्ड पार्टी काढते, अडीच हजारांत काम होतंय," असं ती म्हणाली. मी विचारलं, "गाडीत कोण कोण बसणार?" रात्रपाळी संपली की दोघी-तिघी मैत्रिणींना ती घरी सोडणार होती.

खरी मेख इथेच आहे, श्रोतेहो. नुसत्या तिऱ्हाइताच्या पॉलिसीत रस्त्यावरचा माणूस येतो, पण खासगी मोटारीत आपल्या शेजारी बसलेली मैत्रीण येत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत मात्र ती येते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या एका निकालात हा भेद स्पष्ट केला आहे. म्हणजे सर्वांत स्वस्त कागद घेतला आणि दुर्दैवाने काही घडलं, तर मैत्रिणीच्या भरपाईचा बोजा त्या बावीस वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या घरावर येणार. मुलं गाडी घेतात तीच मित्रांना घेऊन फिरायला, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

सर्वसमावेशक विमा म्हटलं की मोठा आकडा डोळ्यांपुढे येतो. पण गाडी जुनी असली की तिची विमा-किंमत कमी आणि त्यामुळे स्वतःच्या नुकसानीचा हप्ताही कमी. मुंबई-पुण्याच्या नोंदणीपेक्षा रत्नागिरी-परभणीच्या नोंदणीला हा दर थोडा खाली असतो. दुरुस्तीतली ठरावीक रक्कम आपण स्वतः सोसू, असं लिहून दिलं तर आणखी सूट मिळते. या भागाचे दर कंपनीगणिक वेगळे असतात, तेव्हा तीन-चार ठिकाणी विचारावं आणि नको ती जोडकलमं काढून टाकावीत. भाचीने हेच केलं. आकडा वाढला, पण तिच्या आवाक्यात राहिला.

दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असते आणि पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढते. पण ती माणसाची, गाडीची नव्हे. गुरुजींची सवलत गुरुजींकडेच राहिली. "जुनीच सवलत दाखवा, कोण बघतंय?" असा सल्ला भाचीला एका जाणकाराने दिला होता. असं खोटं सांगून दोन पैसे वाचतात खरे, पण दावा करायच्या वेळी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते आणि दावा नाकारू शकते. गाडी नावावर झाल्यावर चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवायचं, हेही पुष्कळ जण विसरतात. मग पॉलिसी एकाच्या नावाची, गाडी दुसऱ्याची, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा लटकतो.

अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकांनी 2019 ची कायदादुरुस्ती वाचावी. 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद पालकाला किंवा मालकाला होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

विम्याची मुदत संपण्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. मुदत उलटून नव्वद दिवस गेले की साठवलेली सवलत संपते. पण सवलत ही त्यातली लहान गोष्ट. विमा नसलेल्या त्या एखाद्या दिवशी कोणी तिऱ्हाईत आपल्या गाडीखाली आला, तर त्याच्या पोराबाळांना भरपाई द्यायला कंपनी नसते. असतो तो फक्त नुकताच कमवू लागलेला आपला मुलगा. मुलांना गाडीची किल्ली देताना हा हिशेब एकदा त्यांच्याबरोबर बसून करा.