मानाग्वाच्या शाळेतली मुलं



चिन्हमीमांसा, म्हणजे खुणांना अर्थ कसा येतो याचा अभ्यास, हा माझा विषय. त्याचा पाया मानला जाणारा ग्रंथ ज्यांच्या नावावर आहे, त्यांनी तो लिहिलेलाच नाही. फेर्दिनां द सोस्यूर हे जिनिव्हाचे भाषाशास्त्रज्ञ. लायपझिगला त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती संस्कृतातल्या षष्ठीच्या एका प्रयोगावर प्रबंध लिहून. पुढे १९०७ ते १९११ या काळात त्यांनी जिनिव्हात सामान्य भाषाविज्ञानावर तीनदा व्याख्यानमाला दिली. १९१३ मध्ये ते वारले, तेव्हा या व्याख्यानांचं असं फारसं काही त्यांच्या कागदपत्रांत सापडलं नाही. मग शार्ल बाली आणि आल्बेर सेशए या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा केल्या, एकीशी दुसरी ताडून पाहिली आणि १९१६ मध्ये पुस्तक उभं केलं. हे दोघे स्वतः त्या वर्गात बसलेले नव्हते.

मराठी माणसाला यात फार नवल वाटायचं कारण नाही. आपल्या गद्याचा आरंभ आपण ज्या ‘लीळाचरित्रा’पासून धरतो, त्याची घडणही अशीच आहे. चक्रधरस्वामी बोलले, लिहून ठेवलं म्हाइंभटांनी, आणि तेही ज्यांनी ज्यांनी स्वामींना ऐकलं-पाहिलं होतं त्यांना विचारून विचारून. सातशे वर्षांपूर्वीचा तो आवाज आज आपल्यापर्यंत पोचतो, तो ऐकणाऱ्यांनी पोचवला म्हणून. आज मला या ऐकणाऱ्याबद्दल, पाहणाऱ्याबद्दल, खुणेला उत्तर देणाऱ्याबद्दल बोलायचं आहे. आमच्या विषयात त्याची जागा मधोमध आहे.

सोस्यूरच्याच काळात अमेरिकेत चार्ल्स सँडर्स पर्स हे तत्त्वज्ञ चिन्हांचा विचार करत होते. त्यांच्या मते चिन्हाला तीन अंगं असतात: खूण स्वतः, ती ज्याबद्दल आहे ती वस्तू, आणि ती खूण पाहून कुणाच्या तरी मनात उमटलेली समज. हे तिसरं अंग काढून घेतलं तर उरलेल्या दोघांचं चिन्ह होत नाही. आपल्या नैयायिकांनी हेच फार पूर्वी डोंगरावरच्या धुराचं उदाहरण घेऊन मांडलं होतं. धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान निघतं, पण कुणाला? ज्याने स्वयंपाकघरात धूर आणि विस्तव एकत्र पाहिले आहेत, त्यालाच. इतरांसाठी तो नुसता धूर. काश्मीरच्या आनंदवर्धनांनी नवव्या शतकात काव्याबद्दल बोलताना सहृदय वाचकाला जे स्थान दिलं, तेही याच वाटेवरचं आहे.

आता रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांचं एक निरीक्षण सांगतो. लहान मूल दूरच्या वस्तूकडे हात लांबवतं. हात पुरत नाही, बोटं हवेतच राहतात. त्या क्षणी ती कसलीही खूण नसते, ती फसलेली पकड असते. आई ते पाहते, वस्तू आणून देते. असं पुन्हा पुन्हा घडतं आणि एक दिवस मूल वस्तूकडे हात करताना आईकडे पाहायला लागतं. पकडीची खूण झाली. ती खूण आहे हे आधी आईला कळलं, मुलाला मागाहून. शिकणं म्हणजे काय, यावर मी वाचलेल्यांत याहून नेमकं काही मला आठवत नाही.

पण समजा, खूण समजून उत्तर देणारं घराबाहेर कुणीच नसेल तर? निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशात १९७० च्या दशकापर्यंत बहुतेक कर्णबधिर मुलं अशीच वाढत होती. प्रत्येक घरात जेवण, झोप, पाणी, ये-जा यांपुरत्या काही घरगुती खुणा असत. शेजारच्या गावातल्या कर्णबधिर मुलाच्या खुणा वेगळ्या, आणि त्या दोघांची गाठ पडण्याचा प्रसंगच नसे. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात विशेष मुलांसाठी शाळा निघाली, देशात झालेल्या क्रांतीनंतर १९८० मध्ये किशोरांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा आली, आणि काही वर्षांतच दोन्ही मिळून चारशेच्या वर कर्णबधिर मुलं एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवत होते. ते काही जमत नव्हतं.

जमत होतं ते शाळेच्या अंगणात आणि बसमध्ये. मुलं आपापल्या घरच्या खुणा घेऊन आली होती. एकाची खूण दुसऱ्याने उचलली, तिसऱ्याने थोडी आखडती केली, जी सगळ्यांना कळली ती टिकली. हातांनी चाललेल्या या गप्पा शिक्षकांना उलगडेनात, म्हणून सरकारने १९८६ मध्ये अमेरिकेतून जूडी केगल या भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं. त्यांना तिथे एक नवी भाषा तयार होताना दिसली, आणि लहान वयात शाळेत आलेली मुलं ती मोठ्यांपेक्षा अधिक सफाईने, अधिक नियमांनी वापरताना दिसली.

हे नियम कसे आले, ते एका प्रयोगातून कळतं. अ‍ॅन सेंघास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. कर्णबधिरांना एका कार्टूनमधलं मांजर उतारावरून गडगडत खाली जाताना दाखवलं आणि ते सांगायला सांगितलं. बोलणारी माणसं हे सांगताना हात गोल फिरवत फिरवत तिरका खाली नेतात. दृश्य जसं दिसलं तसं एका झटक्यात. शाळेच्या पहिल्या पिढीतले कर्णबधिरही बहुतेक वेळा तसंच करत. त्यांच्यानंतर आलेली मुलं मात्र एकाच हालचालीचे दोन तुकडे करत: आधी ‘गडगडणं’, मग ‘खाली जाणं’. दृश्यात हे तुकडे नव्हते, ते मुलांनी पाडले. एकदा तुकडे पडले की ते हवे तसे जोडता येतात: गडगडत वर, चालत खाली, काहीही. चित्र संपून भाषा सुरू होते ती इथे. कोणत्याही तज्ज्ञाने हे त्यांना शिकवलं नव्हतं. मोठ्यांच्या खुणा पाहणाऱ्या, त्यांना उत्तर देणाऱ्या लहान मुलांनी ते केलं.

याच समाजाबद्दलचं एक दुसरं संशोधन मला अधिक अस्वस्थ करतं. जेनी पायर्स आणि सेंघास यांनी ते २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. प्रश्न साधा होता. एक मुलगा खेळणं एका जागी ठेवून बाहेर जातो, त्याच्या माघारी दुसरा ते हलवतो. पहिला परत आल्यावर कुठे शोधेल? पहिल्या पिढीतली विशी ओलांडलेली माणसं, ज्यांना नोकऱ्या होत्या, मित्र होते, यात बहुतेक चुकली. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळी समजूत असू शकते, हे त्यांना उत्तरात आणता आलं नाही. त्यांच्या खुणांमध्ये ‘वाटणं’, ‘ठाऊक असणं’ यांसाठी फारसं काही नव्हतं. त्यांच्या मागून आलेल्यांकडे ते होतं, आणि त्यांची उत्तरं बरोबर आली. संशोधक दोनेक वर्षांनी परत गेले, तेव्हा थोरल्यांचीही उत्तरं सुधारली होती. मधल्या काळात त्यांचा तरुण कर्णबधिरांशी संबंध वाढला होता आणि मनाच्या व्यवहाराबद्दलच्या खुणा त्यांच्या हाती आल्या होत्या. शाळा सोडून कितीतरी वर्षं लोटल्यावर, आपल्याहून लहानांशी गप्पा मारता मारता, ही माणसं दुसऱ्याचं मन वाचायला शिकली.

मित्रांनो, मानाग्वाच्या मुलांना ते अंगण योगायोगाने मिळालं. जगात इतरत्र ते जाणूनबुजून हिरावून घेतलं गेलं होतं. १८८० मध्ये मिलानला भरलेल्या कर्णबधिर शिक्षणाच्या परिषदेने शाळांतून खुणांना हद्दपार करायचा ठराव केला, आणि तिथे मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर कितीतरी शाळांत हात हलवला म्हणून मुलांना शिक्षा होत असे. विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेची रचना उलगडून ती पुरी भाषा असल्याचं दाखवलं ते १९६० मध्ये. मधल्या ऐंशी वर्षांतल्या मुलांचं आयुष्य परत देता येत नाही, आणि या गोष्टीचा मला आजही राग येतो. मुलं बोलत होती. उत्तर द्यायला जे बसले होते त्यांनी पाठ फिरवली.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषेचा समावेश केला. दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र केंद्र आहे, आणि त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार संज्ञा आल्या. कोश झाला, पण अंगण अजून फार थोड्यांना मिळालं आहे. आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कुणी शिक्षक होईल, कुणी दवाखाना उघडेल, कुणी तहसील कचेरीत किंवा बँकेच्या खिडकीमागे बसेल. समोर कर्णबधिर माणूस येईल, तेव्हा त्याच्यासोबतच्या नातेवाइकाकडे न पाहता थेट त्याच्याकडे पाहा. निदान नमस्कार, नाव, दुखणं, पैसे, तारीख एवढं तरी त्याच्या भाषेत विचारायला शिका. काही आठवड्यांचं काम आहे.

आणि कुलगुरूंना, या व्यासपीठावरून, सर्वांसमक्ष माझी विनंती आहे: भारतीय सांकेतिक भाषेचा श्रेयांक असलेला अभ्यासक्रम येत्या वर्षापासून प्रत्येक विद्याशाखेला खुला करावा, आणि तो शिकवायला कर्णबधिर शिक्षकांचीच नेमणूक करावी.