सुरकुत्यांवर थांबलेलं भिंग

अम्मीचा फोटो काढताना माझा छोटा डिजिटल कॅमेरा अडला. मागे पांढरी भिंत, डोक्यावर पांढरी ओढणी. भिंग नुसतं पुढे-मागे घरघरत राहिलं.

अशा साध्या कॅमेऱ्यातला ऑटोफोकस अंतर मोजत नाही. शेजारशेजारच्या ठिपक्यांमधला उजेड-सावलीचा फरक मोजतो. भिंग सरकतं तसा फरक वाढतो, शिखर गाठतो, मग उतरू लागतो. तेव्हा भिंग मागे फिरून शिखरावर थांबतं. शिखर ओलांडल्याशिवाय ते त्याला कळतच नाही! कोऱ्या पांढऱ्यावर मात्र मोजणार काय?

मी चौकट अम्मीच्या डोळ्यांजवळच्या सुरकुत्यांवर नेली, बटण अर्धं दाबलं. भिंग थांबलं. ज्या सुरकुत्या ती ओढणीआड लपवत होती, त्यांनीच तिला स्पष्ट केलं. तिचा तो शेवटचा फोटो.