मल्टिमीटरचा नाद आणि त्याचा अर्थ



पूर्वी केवळ कारागिराच्या पिशवीत दिसणारा मल्टिमीटर आता पुष्कळ सुशिक्षित घरांतून फळीवर येऊन बसला आहे. काही शे रुपयांत तो मिळतो. त्याच्या चकतीवर आकड्यांची व चिन्हांची एवढी दाटी असते की, सामान्य मनुष्य गोंधळून जावा. परंतु गृहस्थास वारंवार उपयोगी पडणारे चिन्ह त्यांत एकच, आणि ते म्हणजे ध्वनिलहरींसारख्या लहान कंसांचे. कारागीर त्यास ‘कंटिन्युइटी’ म्हणतात. आपण अखंडतेची परीक्षा म्हणू. तारेच्या दोन टोकांस मीटरच्या दोन शलाका लावाव्यात, आतून ‘पीं’ असा नाद यावा आणि तार शाबूत आहे असे समजावे, अशी सर्वसाधारण रीत आहे. ही समजूत खोटी नव्हे. पण ती जेथे अपुरी पडते तेथे प्रसंग प्राणावर बेततो, म्हणून आज त्याविषयी चार शब्द बोलावयाचे योजिले आहे.

आमच्या भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारीच संसार मांडलेले आहेत. पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि विजेचे काम तर बारा महिने चालू असते. जानेवारी २००७ मध्ये येथील वीजवितरण महावितरणने टॉरेंट पॉवर या कंपनीकडे सोपविले, तेव्हा कोणाचे बरे, कोणाचे वाईट याची चर्चा घरोघर झाली. तो वाद आज नको. वितरण कोणीही करो, बिलाच्या मीटरापलीकडे घरात शिरलेली तार ही घरमालकाची, आणि तिची काळजीही त्याचीच.

आता या परीक्षेचे मर्म पाहू. शाळेत हा विषय शिकविताना मी एक सुका घट, टॉर्चचा दिवा आणि तारेचे दोन तुकडे घेत असे. मध्ये खिळा ठेवला की दिवा लागे, खोडरबर ठेवले की विझे. मल्टिमीटर तत्त्वतः याहून निराळे काही करीत नाही. आपल्या पोटातील बॅटरीतून तो अत्यल्प प्रवाह सोडतो. हा प्रवाह बहुधा एक मिलिअँपिअर अथवा त्याहूनही कमी असतो. त्यास वाटेत किती रोध झाला हे मीटर जोखतो. रोध ठराविक मर्यादेच्या आत असला की नाद होतो. ही मर्यादा मीटरगणिक बदलते; पुष्कळांत ती तीस ते पन्नास ओहमच्या दरम्यान असते, काहींत कमी अथवा अधिक, आणि ती सोबतच्या माहितीपत्रकात छापलेली असते. वाट तुटलेली असली तर मीटर मुका राहतो व पडद्यावर एकटा १ किंवा ‘ओएल’ ही अक्षरे दिसतात. अगदी स्वस्त मीटरांत नादाची सोय कित्येकदा नसतेच. घेताना तेवढे पाहून घ्यावे.

ही कल्पना आमच्या गावास अपरिचित नाही. स्वयंचलित मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी लोंबत ठेवलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, विजेचे मंडल पूर्ण होते आणि माग आपोआप थांबतो. न्याय मात्र उलटा. तेथे सूत तुटते तेव्हा वीज जुळते. साध्या मागावर हीच चौकी विणकराच्या डोळ्यांस करावी लागते.

परीक्षेपूर्वीचा नियम एकच, पण तो मोडावयाचा नाही. ज्या वस्तूची परीक्षा करावयाची तिचा प्लग भिंतीतून काढून हातात घ्यावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बटण चुकीच्या तारेवर बसविलेले असू शकते. या परीक्षेत वीज पुरविण्याचे काम मीटर स्वतः करीत असतो. बाहेरची २३० व्होल्टची वीज त्यात शिरली तर स्वस्त मीटर जळतो, आणि हाती धरणाऱ्याचेही काही सांगता येत नाही. त्याहून वाईट समज असा की, मीटर वाजला नाही म्हणजे तारेत वीज नाही. ‘तारेत वीज आहे काय?’ हा प्रश्न निराळा. त्यासाठी चकती पर्यायी व्होल्टच्या मोठ्या खुणेवर न्यावी लागते. पंखा, मिक्सर यांसारख्या वस्तूंतील कपॅसिटरमध्ये साठलेला भारही आधी उतरू द्यावा.

चकती योग्य जागी आणल्यावर प्रथम दोन्ही शलाका एकमेकींस टेकवाव्यात. नाद आला तर मीटर, बॅटरी व शलाका तिन्ही ठीक. हे न करता ‘तार तुटली’ असा निर्णय देणारे पुष्कळ कारागीर मी पाहिले आहेत. तुटलेली असते ती मीटरची शलाका!

उदाहरणादाखल घरातील इस्त्री घेऊ. प्लगच्या तीन पायांपैकी जाड व लांब पाय अर्थिंगचा. एक शलाका त्यास व दुसरी इस्त्रीच्या उघड्या धातूस, शक्यतो एखाद्या स्क्रूस, लावावी. रंगावर किंवा न चिकटणाऱ्या लेपावर लावल्यास नाद येणार नाही आणि उगाच भय वाटेल. येथे नाद आलाच पाहिजे. न आल्यास ती इस्त्री वापरू नये, मग ती कितीही चांगली तापत असो. आतील तार सुटून पत्र्यास लागली तर ती वीज सुखरूप वाहून नेणारा मार्ग तोच. तो तुटल्यावर मार्ग उरतो तो इस्त्री धरणाऱ्या हाताचा. अर्थिंग तुटल्याने इस्त्रीच्या कामात काडीचाही फरक पडत नाही, म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे कोणास कळत नाही.

नाद आला तरी लगेच हात झाडून उठू नये. शलाका तशाच धरून दुसऱ्या कोणाकडून दोर प्लगाच्या मानेशी आणि इस्त्रीच्या मानेशी सावकाश वाकवून घ्यावा. मध्येच नाद खंडित झाला तर तार आतून तुटत आली आहे असे समजावे. इतके करूनही एक गोष्ट उरते. दोरातील प्रत्येक तार केसासारख्या अनेक तंतूंची असते. ०.२ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एकट्या तंतूचा रोध मीटरभर लांबीस सुमारे अर्धा ओहम भरतो. मर्यादा तीस ओहमची; म्हणजे सारे तंतू तुटून एकच शिल्लक राहिला तरी मीटर तितक्याच उत्साहाने वाजणार. पण १००० वॉटची इस्त्री चार अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते, आणि तो त्या एकट्या तंतूतून जाऊ लागला म्हणजे दोर तेथे तापून वितळू लागतो. दोराचा एखादा भाग हातास गरम लागत असेल तर मीटरच्या नादापेक्षा हातावर विश्वास ठेवावा आणि दोर बदलावा.

उलटपक्षी, नाद न येणे म्हणजे बिघाडच असेही नव्हे. त्याच इस्त्रीच्या उरलेल्या दोन पायांस शलाका लावा. २३० व्होल्टवर १००० वॉटच्या तारेचा रोध सुमारे ५३ ओहम, ७५० वॉटचीचा सुमारे ७० ओहम. वस्तू निर्दोष असूनही कित्येक मीटर येथे मुके राहतील. २००० वॉटच्या गिझरचा रोध सुमारे २६ ओहम, तेथे बहुतेक मीटर वाजतील. म्हणून तापणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत नादावर न जाता चकती ओहमच्या खुणेवर न्यावी आणि आकडा वाचावा. एलईडी दिव्याची परीक्षा तर या रीतीने होतच नाही, कारण त्याच्या आत वाटेत इलेक्ट्रॉनिक मंडल बसलेले असते.

आता सर्वांत नाजूक भाग. फेजचा पाय व इस्त्रीचा धातू यांमध्ये मीटर वाजता कामा नये. वाजला तर दोष उघडच आहे. न वाजला तर मात्र निश्चिंत होऊ नये. मीटर दोन-तीन व्होल्टने हळूच विचारतो; घरातील वीज २३० व्होल्टची, आणि तिची उसळी ३२५ व्होल्टपर्यंत जाते. ओल धरलेले किंवा करपलेले वेष्टन पहिल्यापुढे टिकते, दुसरीपुढे टिकत नाही. याची खरी परीक्षा मेगर नावाच्या यंत्राने ५०० व्होल्ट लावून करतात, व ते काम परवानाधारक वायरमनचे. त्याचप्रमाणे प्लगापासून इस्त्रीपर्यंतचा अर्थिंगचा मार्ग आपण पाहिला. भिंतीतील भोकापासून जमिनीतील खड्ड्यापर्यंतचा मार्ग पाहिला नाही. जुन्या वाड्यांतून तीन भोकांचा सॉकेट बसविलेला असतो आणि तिसऱ्या भोकामागे तारच नसते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी वायरमनला बोलवाल तेव्हा हे दोन्ही त्याच्याकडून तपासून घ्यावे, आणि तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसविलेली असल्यास तिचे ‘टेस्ट’ लिहिलेले बटण आपल्यासमोर दाबून पाहण्यास सांगावे. बटण दाबताच घरातील वीज जावयास हवी. न गेल्यास ती पेटी बदलून घ्यावी.