मानसतज्ज्ञांच्या आचारसंहितेची पारख

वैद्यापुढे आपण हात करतो, वकिलापुढे कागद ठेवतो. मानसतज्ज्ञापुढे मात्र मनच उघडे करावे लागते. म्हणूनच त्याने कसे वागावे ह्याचे नियम, म्हणजे त्याच्या व्यवसायाची आचारसंहिता, हा तज्ज्ञांइतकाच आपलाही विषय आहे. अशी संहिता चांगली की वाईट, हे ओळखावे कसे?

पहिली गोष्ट, नियम अनुभवातून आलेले असावेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९५३ साली आपली पहिली संहिता प्रसिद्ध केली. तत्पूर्वी तिने सभासदांकडून प्रत्यक्ष कामात उभे राहिलेले पेचप्रसंग मागविले, आणि असे हजाराहून अधिक प्रसंग जमा झाले. त्यांतून नियम घडले.

दुसरी गोष्ट, दोन कर्तव्ये परस्परांच्या आड आली तर वाट कोणती, हे संहितेने सांगावे. कॅनडाच्या १९८६ च्या संहितेने तत्त्वांचा क्रमच लावून दिला आणि माणसाच्या प्रतिष्ठेला अग्रस्थान दिले.

तिसरी कसोटी सत्तेपुढची. त्याच अमेरिकन संघटनेच्या २००२ च्या संहितेत, कायदा व नीती ह्यांचा विरोध मिटत नसेल तर कायदा पाळण्याची मुभा होती. ग्वांतानामोच्या बंदिवानांच्या चौकशीत मानसशास्त्रज्ञांनी भाग घेतला, तेव्हा ह्या मुभेतील धोका उघड झाला. २०१० साली ते कलम सुधारावे लागले. २०१५ च्या स्वतंत्र चौकशीने संघटनेच्या काही पदाधिकाऱ्यांचे संरक्षण खात्याशी असलेले संगनमत दाखवून दिले, आणि त्याच वर्षी अशा चौकशीत भाग घेण्यास बंदी झाली. अनुभवातून घडलेली संहितादेखील अशी वाकू शकते.

आता हेच माप आपल्या आदिलाबाद जिल्ह्याला लावून पाहू. येथे तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि बंजारा बोली शेजारी नांदतात. समजा, उतनूरकडील एखाद्या गुड्यातील गोंड स्त्री तेलुगू बोलणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे आली. तिचे बोलणे समजावून सांगायला बरोबर आला तो दीर. दुःख जर घरातलेच असेल, तर ती काय बोलणार? आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा आणि समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल, न्यायालयाचा हुकूम असेल, अशा काही प्रसंगी गुप्ततेला अपवादही आहेत. परंतु दुभाषाच घरचा निघाला, तर तो हक्क दाराबाहेरच राहतो.

म्हणून आपल्याकडच्या संहितेने तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. दुभाषा निवडण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार रुग्णाचा असावा, व गुप्ततेचे बंधन त्या दुभाषावरही असावे. गुप्ततेचे अपवाद बोलणे सुरू होण्यापूर्वीच त्याच्या भाषेत सांगावेत. बोलून झाल्यावर सांगणे ही फसवणूक होय. आणि तक्रार कोठे, कशी करावी हे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळावे. ती तोंडी सांगितली तरी नोंदली जावी.

मानसतज्ज्ञ भला असेल तर नियमांची गरज काय, असे कोणी विचारील. भलेपणावर विसंबणे हे ज्याला दुसरा तज्ज्ञ गाठता येतो त्याला परवडते. जेथे शंभर मैलांत दुसरा पर्याय मिळण्याची खात्री नाही, तेथे दुबळ्याचा आधार नियमच असतो. सर्वांत कमी बोलू शकणाऱ्या माणसाला ज्या संहितेचा उपयोग होतो, तीच खरी संहिता.